रागाचं पत्र : नातं संपल्यावर तिने लिहिलेलं

शाईचा डाग

नातं तुटल्यावर बायका जी पत्रं लिहितात त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. प्रेमपत्रांवर आजवर ढिगाने लिहिलं गेलंय, विरहावर तर विचारूच नका. पण ज्या पत्राची सुरुवातच "तुला काय वाटलं, मी गप्प बसेन?" अशी होते, त्याच्याकडे कुणी धड बघत नाही. ज्याला मिळतं तो "डोकं फिरलंय तिचं" म्हणून मोकळा होतो. मैत्रिणी म्हणतात, "जाऊ दे गं, कशाला त्याच्या तोंडी लागतेस?" आणि लिहिणारीला स्वतःलाच काही दिवसांनी त्याची लाज वाटू लागते. ती लाज मला बघवत नाही, म्हणून हा धागा.

माझ्याकडे अशी पत्रं वाचायला येतात. मी तज्ज्ञ वगैरे नाही. भाषा बरी आहे आणि ऐकलेलं पोटात राहतं, म्हणून मैत्रिणी, त्यांच्या बहिणी, ऑफिसातल्या मुली पाठवण्याआधी "एकदा नजर टाक ना" म्हणून देतात. बरीच वाचल्यावर एक गोष्ट लख्ख दिसायला लागली. आग पहिल्या पानावर असते. शिव्याशाप, "तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही", सगळं तिथे. मग तिसऱ्या पानावर कुठेतरी सूर बदलतो आणि ती घडलेलं सांगायला लागते. कोण कधी काय म्हणालं, कुठला शब्द दिला होता, कुणापुढे दिला होता.

एका पत्रातला तुकडा तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं काढून, देते:

"तू आता सगळ्यांना सांगतोयस की आपलं असं काही ठरलंच नव्हतं. मग तुझ्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा रात्री तिच्या उशाशी कोण बसलं होतं? पाहुणी? तूच नर्सला म्हणालास, 'ही घरचीच आहे.' मी ऐकलं ते. तू विसरला असशील, मी नाही विसरले. मला तू परत नको आहेस. मला एवढंच हवंय की 'ठरलं नव्हतं' हे तू पुन्हा म्हणू नयेस."

माझ्या मते रागाच्या पत्राचा गाभा हा आहे. नात्यातून जो आधी निघतो तो बहुधा नात्याची हकिगतही सोबत घेऊन जातो. मग तो सांगेल तेच खरं ठरतं. ती पत्र लिहिते ते आपल्या वाट्याची हकिगत परत मागायला, आणि रागावल्याशिवाय ती मागता येत नाही, कारण सौम्यपणे मागितलेली तिला याआधी मिळालेली नसते.

ही काही आजची गोष्ट नाही. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये एलॉईझने आबेलारला लिहिलेलं पत्र घ्या. दोघांचं प्रेम, गुपचूप लग्न, मग दोघंही मठात. वर्षं गेली. त्याने आपल्या आयुष्यातल्या आपत्तींची कहाणी एका मित्राला लांबलचक पत्रात लिहिली आणि ती एलॉईझच्या हातात पडली. तिचा पहिला आक्षेप काय, तर मित्राचं सांत्वन करायला एवढं लिहिलंस, मला मात्र एक ओळ नाही. पुढे ती विचारते, तुझ्याच सांगण्यावरून मी मठात आले, मग माझा असा विसर का पडला? कारण सांग, नाहीतर मला काय वाटतं ते मीच सांगते, आणि लोकांनाही तोच संशय आहे: तुला माझ्याशी बांधून ठेवणारी गोष्ट वासना होती, माया नव्हती. वासना संपली तशी मायेची भाषाही संपली. किती स्वच्छ लिहिलंय बघा. रडगाणं नाही, उलटतपासणी आहे.

तुम्ही असं पत्र लिहिलंय का? कुणाचं वाचलंय का? आणि नेहमीचा प्रश्न, पाठवावं की नाही? मनापासून लिहा.

काठावरची

वाचनखूण साठवली आहे. एलॉईझच्या पंक्तीत मला मेरी वोलस्टोनक्राफ्ट बसवावीशी वाटते. १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहून खळबळ उडवणारी बाई. ती गिल्बर्ट इम्ले नावाच्या माणसाच्या प्रेमात पडली, १७९४ मध्ये त्यांना मुलगी झाली. १७९५ च्या उन्हाळ्यात ती त्याच्याच धंद्याच्या कामासाठी लहानग्या मुलीला घेऊन स्कँडिनेव्हियात फिरत होती. परत येऊन बघते तर त्याने दुसरीबरोबर संसार थाटलेला. ऑक्टोबरात तिने थेम्स नदीत उडी घेतली. लोकांनी बाहेर काढलं म्हणून वाचली.

त्यानंतरची तिची पत्रं वाचावीत. तो पैसे देऊ करतो, ती नाकारते. मला तुझं मन हवं होतं, ते गेल्यावर तुझ्याजवळ मला देण्यासारखं काही उरलेलं नाही, असं ती लिहिते. तो आपल्या वागण्याला एक गोंडस नाव देतो, मी किती हळुवारपणे, नाजूकपणे वागतोय असं. त्यावर तिचं उत्तर असं की तुझी तरी समज पार वाकडी झालेली असणार नाहीतर माझी, कारण तू ज्याला नाजूकपणा म्हणतोस ते मला नेमकं त्याच्या उलट दिसतं. शाईचा डाग, तुम्ही म्हणता ती हकिगतीवरची लढाई हीच. त्याने दिलेलं नाव ती मान्यच करत नाही.

पुढचं मात्र फार जिव्हारी लागतं. १७९७ मध्ये बाळंतपणानंतर ती गेली. नवऱ्याने, म्हणजे विल्यम गॉडविनने, तिच्यावरच्या प्रेमापोटीच, १७९८ मध्ये तिचं उरलंसुरलं लेखन छापलं आणि त्यात इम्लेला लिहिलेली ही खाजगी पत्रंही घातली. लोकांनी त्या पत्रांवरून तिचं चारित्र्य काढलं आणि तिच्या विचारांनाही त्याच पारड्यात टाकलं. जणू प्रेमात रडलेल्या बाईला हक्कांबद्दल बोलायचा हक्क नाही. एका पुरुषाला दिलेलं पत्र साऱ्या जगाने वाचलं आणि भोगलं तिच्या नावाने. पाठवायचं की नाही हे ठरवताना हेही डोक्यात असू द्या.

सरळरेषा

धागा आवडला, पण विरुद्ध बाजू मांडतो. मी पुरुष आहे हे आधीच सांगतो, कारण त्याने फरक पडतो.

"राग बाहेर काढला की शांत वाटतं" हे आपण सगळेच धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमनचा २००२ चा प्रयोग याच्या अगदी उलट सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधावर मुद्दाम जहरी शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना ठोसे मारायची पिशवी दिली आणि सांगितलं, ज्याने हे शेरे मारले त्याचा विचार करत मारा. काहींना सांगितलं, व्यायाम म्हणून मारा. काहींना नुसतं शांत बसवलं. ज्यांनी त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून ठोसे मारले, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. नंतर सर्वांत कमी आक्रमक वागले ते दोन मिनिटं गप्प बसलेले.

आता रागाचं पत्र म्हणजे काय? त्याचा चेहरा समोर धरूनच तर लिहिलं जातं. ती एकेक प्रसंग पुन्हा जगते. तो मात्र दोन मिनिटांत वाचून बाजूला ठेवतो. या व्यवहारात नुकसान तिचंच आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. माझ्या ओळखीत कुणी विचारलं तर मी म्हणेन, लिहू नका, आणि लिहिलंत तर पाठवू नका.

शाईचा डाग

सरळरेषा, मुद्दा मोलाचा आहे. पण ठोसे आणि वाक्य यांत फरक आहे. ठोशाला कर्ता, कर्म, काळ लागत नाही. "तू मला फसवलंस" एवढं जरी लिहायचं म्हटलं तरी कधी, कशात, हे मनाला शोधावं लागतं. तुमचा प्रयोग पत्राच्या पहिल्या पानाला शंभर टक्के लागू आहे. तिसऱ्या पानाचं काय?

ऐकणारी

मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. वर दोघांचंही बरोबर आहे, आणि त्यालाही आधार आहे.

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांची सहकारी सँड्रा बील यांचा १९८६ चा अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानतात. विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं. बाकीच्यांनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगावर, पण त्यांतही गट होते: एकाने फक्त भावना लिहायच्या, एकाने फक्त घटना, आणि एकाने दोन्ही. लिहून उठल्यावर भावना लिहिणाऱ्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं, हे आवर्जून सांगते, कारण मुली घाबरतात की "लिहिलं आणि जास्तच रडू आलं". पुढच्या सहा महिन्यांत आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या त्या मुख्यतः घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या. नुसती आग ओकून फारसं हाती लागलं नाही, नुसती जंत्री करूनही नाही. शाईचा डाग, तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या पानाचं हेच गणित आहे.

आता दुसरी बाजू. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेल्या लोकांवर असाच लेखनाचा अभ्यास केला. जे आधीच "असं का झालं, का झालं" या प्रश्नाभोवती रात्रंदिवस फिरत होते, त्यांच्यासाठी भावनांबद्दल खोलवर लिहिणं उपयोगी पडलं नाही. दिवसभरात काय केलं एवढं साधं लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे सावरले. म्हणून माझ्याकडे येणारी मुलगी तेच पत्र पुन्हा पुन्हा नव्याने लिहितेय असं दिसलं तर मी थांबवते. पत्र पुढे सरकतंय का हे बघायचं. नव्या मसुद्यात आधी नसलेलं काही आलं का? एखादं "म्हणजे तेव्हाच मला कळायला हवं होतं की", एखादं "त्यामुळे"? आलं असेल तर लिहू द्यावं. शब्द तेच, क्रम तोच, फक्त शिवी जास्त तिखट, असं असेल तर वही मिटवून कुणाच्या तरी सोबतीला जाऊन बसावं.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते. काठावरचीने वोलस्टोनक्राफ्टचं सांगितलं. पत्रात "मी नसेन तेव्हा तुला कळेल" या जातीचं वाक्य येत असेल, तर ते पत्र त्याला पाठवण्याचं राहू द्या, आधी जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरला दाखवा. त्याच दिवशी. अशा वाक्याला वाचक म्हणून तो चालत नाही.

अबोली

ऐकणारी, शेवटच्या परिच्छेदाबद्दल मनापासून आभार. +१

बकुळफूल

मी पत्र लिहिलेलं नाही. मी ते वाचलं जाताना ऐकलंय. नात्यातल्या एका मुलाला त्याच्या मैत्रिणीने ब्रेकअपनंतर लांब पत्र पाठवलं. फोनवर नाही, कागदावर, दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्याचे मित्र घरी जमले होते आणि तो त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवत होता. आवाज काढून, नाटकी ढंगात. मी शेजारच्या खोलीत होते. शुद्धलेखनाची एक चूक आली तेव्हा सगळे खो खो हसले.

त्या हशात तो एका ठिकाणी अडखळला. तिने लिहिलं होतं की तुझी नोकरी गेली तेव्हा तू कुणालाही कळू दिलं नव्हतंस, रोज तयार होऊन माझ्या खोलीवर येऊन बसायचास, आणि मी आजतागायत कुणाजवळ बोलले नाही. ते वाक्य त्याने अर्ध्यावर सोडलं आणि पुढच्या शिव्यांवर उडी मारली. मित्रांना पत्ताही लागला नाही. मला लागला, कारण नंतर तो कागद कचऱ्यातून मी उचलला. त्या पानावर एकच गोष्ट अशी होती की जिच्यावर हसता येत नव्हतं, आणि ती त्याने कुणाला ऐकूच येऊ दिली नाही. ती मुलगी इतकी चांगली की त्या रागातही तिने त्याचं गुपित फक्त त्यालाच लिहिलं होतं.

मला त्या मुलाचा आजही राग येतो. सरळरेषा म्हणतात तसं "नुकसान तिचंच" हे खरं असेल, पण ते पत्रामुळे होतं की असल्या वाचणाऱ्यांमुळे?

सरळरेषा

बकुळफूल, हे वाचून गप्प झालो. वाचणाऱ्यांमुळे होतं, हे मान्य. पण ती कुणाला पाठवतेय हे तिला आधी कळणार कसं? माझी काळजी तेवढीच आहे.

प्राकृत

साहित्याच्या बाजूने थोडं लिहितो. बाईच्या रागाच्या पत्रांचं जे साहित्य म्हणून गाजलं त्यातलं बरंच पुरुषांनी लिहिलेलं आहे. रोमन कवी ओव्हिडने पुराणकथांतल्या स्त्रियांच्या नावाने पद्यपत्रं लिहिली. सोडून गेलेल्या एनियासला डायडो लिहिते, जेसनला मीडिया लिहिते, थीसियसला बेटावर टाकून दिलेली आरिआड्नी लिहिते. पुढे १६६९ मध्ये पॅरिसमध्ये एका पोर्तुगीज जोगिणीची म्हणून ५ पत्रं छापली गेली, एका फ्रेंच अधिकाऱ्याने टाकून दिल्यावर लिहिलेली. युरोपभर लोक त्यांवर वेडे झाले. ती जोगीण कोण याचा शोध झाला, बेजा गावच्या मठातल्या एका खऱ्या स्त्रीचं नावही जोडलं गेलं. आज बहुतेक अभ्यासक ती पत्रं गियराग नावाच्या फ्रेंच मुत्सद्द्याने रचली असंच मानतात.

वाचायला ती उत्कट आहेत यात वाद नाही. पण एलॉईझ आणि वोलस्टोनक्राफ्टशेजारी ठेवून वाचा. पुरुषाने कल्पिलेली परित्यक्ता रागावते, पण रागाच्या पोटात विनवणी जास्त असते. परत ये, निदान एक ओळ लिही, मी मरेन. खऱ्या दोघी हिशेब मागतात. कवीला बाईचा राग सुंदर हवा असतो, म्हणून त्यात पुरुषाचं महत्त्व टिकून राहतं. आपल्याकडच्या काव्यशास्त्रातही खंडिता नायिका आहेच. प्रियकर दुसरीकडे रात्र घालवून सकाळी येतो आणि ती रुसते. तिच्या रुसण्याचं वर्णन शृंगाराखाली येतं. तो राग शेवटी मिटण्यासाठीच असतो.

कालिदासाने मात्र एका ठिकाणी हे मोडलंय. तिसऱ्या अंकात शकुंतला कमळाच्या पानावर नखाने प्रेमपत्र लिहिते, ते सगळ्यांना पाठ असतं. पाचव्या अंकात दुष्यंत भरसभेत तिला ओळखच देत नाही, वर बायकांच्या उपजत कपटाबद्दल बोलतो. तेव्हा तीच शकुंतला त्याला तोंडावर "अनार्य" म्हणते. आपल्या मनावरून दुसऱ्याचं मन जोखतोस, धर्माचा अंगरखा घातलेली गवताने झाकलेली विहीर आहेस तू, तुझ्यासारखं कोण वागेल? हे तिने लिहिलं नाही, उभ्याने बोलली. पण मला हे पहिलं रागाचं पत्र वाटतं. त्या पत्राचं कारणही तेच आहे: "असं काही झालंच नव्हतं" हे समोरच्याचं वाक्य.

काठावरची

प्राकृत, पाचव्या अंकाचं हे कधी असं जोडून बघितलं नव्हतं. शाळेत आम्हाला फक्त कमळाचं पान शिकवलं.

रात्रपाळी

सगळे प्रतिसाद वाचले. माझ्याकडे असं पत्र मसुद्यात पडून आहे. बरेच दिवस. नाव-गाव नको, पण सुरुवात देते, कुणी मदत केली तर बरं होईल.

"तुला लाज वाटायला हवी. तू एक नंबरचा भित्रा आणि स्वार्थी माणूस आहेस. तुझ्यामुळे माझी सगळी वर्षं वाया गेली. तुला कधीच कुणावर प्रेम करता येणार नाही आणि जी येईल तिचंही तू असंच करशील. तू मला मेसेज करून संपवलंस. मी तेव्हा तुझ्याच बहिणीच्या लग्नाची खरेदी करून परत येत होते, हातात पिशव्या होत्या आणि मी स्टेशनवर उभी राहून वाचलं. नंतर तू सांगितलंस की आपण दोघांनी मिळून ठरवलं. आपण काहीही मिळून ठरवलेलं नाही."

शाईचा डाग

रात्रपाळी, इथे टाकायला धीर लागतो. तुझं पत्र आहे, शेवटचा शब्द तुझाच. मला वाचताना जे जाणवलं ते सांगते.

पहिली चार वाक्यं कुणीही कुणालाही लिहू शकतं. "भित्रा", "स्वार्थी" यांवर तो वाद घालू शकतो, मी भित्रा नाही, मी किती केलं तुझ्यासाठी. तू त्याला बोलायला जागा देतेस. "कधीच प्रेम करता येणार नाही" हे भविष्य आहे, ते खोटं ठरलं तर त्याला आनंदच होईल. आणि "माझी सगळी वर्षं वाया गेली" हे वाक्य मला फार टोचलं. ती वर्षं तुझी होती. त्यांत तू नोकरी केलीस, शिकलीस, माणसं जोडलीस. ती त्याच्या खात्यावर कशाला टाकतेस?

पाचव्या वाक्यापासून पत्र सुरू होतं. मेसेज, पिशव्या, स्टेशन. यातलं काहीही त्याला नाकारता येणार नाही. मी असं लिहीन:

"तू मला मेसेज करून संपवलंस. मी तुझ्या बहिणीच्या लग्नाची खरेदी करून येत होते. स्टेशनवर पिशव्या हातात घेऊन मी ते वाचलं. आता तू सांगतोस की आपण मिळून ठरवलं. आपण मिळून काहीही ठरवलेलं नाही. ठरवलं तू, मला कळवलंस. लोकांना सांगताना एवढं खरं सांग."

राग कमी झाला का? मला तर वाढल्यासारखा वाटतो. शिव्या काढून टाक असं मी सभ्यतेसाठी म्हणत नाहीये. शिव्या दिल्या की तो शिव्यांबद्दल बोलतो, पिशव्यांबद्दल नाही.

अबोली

मला "तुला लाज वाटायला हवी" राहू द्यावंसं वाटतं. ते वाक्य लिहायचा तिला हक्क आहे. प्रत्येक ओळीत पुरावा कशाला? कधीतरी नुसतं ओरडायचंही असतं की.

शाईचा डाग

अबोली, हेही पटतं. तसं असेल तर अगदी शेवटी ठेवावं, हकिगत सांगून झाल्यावर. तिथे ते निवाड्यासारखं येतं.

कागदोपत्री

थोडं रुक्ष, पण गरजेचं. पाठवलेल्या पत्रावर तुमचा ताबा राहत नाही. फोटो निघतात, स्क्रीनशॉट फिरतात, ते कुठेही दाखवलं जाऊ शकतं. म्हणून तीन गोष्टी कधीही लिहू नका. धमकी, मग ती "तुला बघून घेईन" एवढीच का असेना. तिसऱ्या व्यक्तीबद्दल सिद्ध न करता येणारा आरोप, विशेषतः त्याच्या नव्या मैत्रिणीबद्दल. आणि त्याचं कुठलंही खाजगी चित्र किंवा गुपित उघड करण्याची भाषा. पैसे, वस्तू, कागदपत्रं परत हवी असतील तर त्यासाठी वेगळा, कोरडा निरोप पाठवा, यादीसकट. दोन्ही एकत्र केलं की वस्तूंचं राहून जातं. त्याच्याकडून मारहाण किंवा पाठलाग झाला असेल तर पत्र पाठवूच नका, संपर्काचं दार तेवढ्यानेही उघडतं. लिहिलेलं तारखेसह जपून ठेवा, उपयोगी पडतं.

खिडकी

पत्रांचं पुढे काय होतं यावरून इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्राँटे आठवली. ब्रसेल्समध्ये तिला शिकवणारे कॉन्स्टँटिन हेगर, विवाहित. तिने परत आल्यावर त्यांना लिहिलेल्या पत्रांतली ४ उरली आहेत, १८४४-४५ मधली. ती रागाची म्हणता येतील का माहीत नाही, पण उत्तर न मिळण्याचा जाच ओळीओळीत आहे. त्यांनी काही पत्रं फाडली. त्यांच्या बायकोने तुकडे गोळा करून जोडले, कागदाच्या पट्ट्या चिकटवून आणि चक्क दोऱ्याने शिवून. एका पत्राच्या कडेला हेगरसाहेबांनी पेन्सिलीने जोडे बनवणाऱ्याचं नाव टिपून ठेवलंय. १९१३ मध्ये ती लंडनच्या टाइम्समध्ये छापली गेली आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

मला त्या पेन्सिलीच्या ओळीचा फार संताप येतो. तिने किती रात्री घालवल्या असतील तो कागद लिहायला, आणि त्याला तो हाताशी असलेला कोरा समास वाटला.

चित्रकला

एक वेगळं उदाहरण. फ्रेंच कलाकार सोफी काल हिला प्रियकराने ईमेलवर नातं संपल्याचं कळवलं. शेवटी लिहिलं होतं, स्वतःची काळजी घ्या. तिने उत्तर लिहिलंच नाही. ती ईमेल तिने १०७ जणींना वाचायला दिली आणि सांगितलं, आपापल्या पेशाच्या नजरेने हिचा अर्थ लावा. मुद्रितशोधन करणारीने भाषा तपासली, न्यायाधीश बाईने न्यायाच्या अंगाने वाचली, नर्तिकेने नाचून दाखवली, नेमबाज स्त्रीने तर त्या कागदावर गोळ्या झाडल्या. २००७ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात फ्रान्सच्या दालनात ते सगळं मांडलं होतं.

राग तिने एकटीने वाहिला नाही, हे मला त्यातलं सर्वांत मोठं वाटतं. त्याची एक ईमेल, आणि समोर एवढ्या बायका.

सरळरेषा

म्हणजे वाचक बदलायचा. हे मला पटतंय. माझा आक्षेप पत्राला कधीच नव्हता, त्या एका पत्त्याला होता. बकुळफूलच्या हकिगतीतल्या मुलीने तेच पत्र बकुळफूललाच दिलं असतं तर?

बकुळफूल

तर मी नीट वाचलं असतं. पण तिला माझ्याकडून काही नको होतं ना. तिला त्याच्या तोंडून "हो, तू सांभाळलंस मला" एवढं ऐकायचं होतं. ते मी कितीही प्रेमाने म्हटलं तरी भागत नाही. म्हणून "पाठवू नका" हा सरसकट सल्ला मला अजूनही मान्य नाही. काही पत्रं त्याच माणसाला पोचायला हवीत. तो हसला तरी.

ऐकणारी

बकुळफूलशी सहमत. एवढंच जोडते: पाठवताना उत्तराची अपेक्षा मनातून काढता येते का ते तपासावं. "उत्तर आलं नाही तर मी काय करेन?" याचं उत्तर "पुन्हा लिहीन" असं येत असेल तर अजून वेळ झालेली नाही. "काही नाही, मला सांगायचं होतं ते सांगून झालं" असं येत असेल तर खुशाल पाठवा.

रात्रपाळी

सगळ्यांना एकत्रच लिहिते. शाईचा डागने केलेला मसुदा घेतला, त्यात "पिशव्या" नंतर एक वाक्य माझं घातलं: "त्यातली तुझ्या बहिणीची साडी मी दुसऱ्या दिवशी तिच्या हातात नेऊन दिली, तिला काही कळू न देता." ते राहिलं होतं आणि तेच मला सर्वांत जास्त सांगायचं होतं हे लिहिताना कळलं. अबोली, "लाज वाटायला हवी" शेवटी ठेवलंय.

ऐकणारींच्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर "पुन्हा लिहीन" असंच आहे. म्हणून अजून पाठवलेलं नाही. त्याची बहीण अजून माझ्याशी बोलते. तिला आधी दाखवावं का? की तिला यात ओढणं बरोबर नाही?

शाईचा डाग

बहिणीला पत्र दाखवू नकोस, त्याची बाजू घ्यायची की तुझी, असा पेच तिच्यावर येईल. पण साडी दिलीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं, एवढं तिला सांगायला हरकत नाही. ते तुझ्या आणि तिच्यामधलं आहे, त्याच्या परवानगीचं नाही.